बारक्याच्या मायचा आवाज

मोठी आई डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी काटोलकडून आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी अकरावीत होते आणि घरात माझा पाय ठरत नव्हता. मोठी आई म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. संत्र्याची तोड चालू असल्यामुळे मोठे बाबा बगीचा सोडून येऊ शकत नव्हते. त्यांचा एकुलता एक मुलगा गजा दादा हैदराबादला एका कंपनीत होता आणि त्याला सुट्टी मिळत नव्हती, निदान तो तसं सांगत होता. म्हणून ती एकटीच एसटीनं आली. काखेत कपड्यांची पिशवी, पायाशी संत्र्यांचं आणि तुरीच्या शेंगांचं पोतं, आणि तोंडानं त्या ड्रायव्हरचा उद्धार, ज्यानं म्हणे रस्त्यातला एकही खड्डा सोडला नव्हता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आधी उजवा डोळा, मग तीन-चार आठवड्यांनी डावा, असं डॉक्टरांनी ठरवलं होतं. आई एका शाळेच्या ऑफिसात, बाबा सरकारी कचेरीत, दोघंही दहाच्या आत घराबाहेर. माझं कॉलेज सकाळचं. त्यामुळे ऑपरेशननंतर दर दोन तासांनी मोठी आईच्या डोळ्यात थेंब घालायचं काम माझ्याकडे आलं आणि माझी दुपार त्या छोट्या बाटलीला बांधली गेली.

नागपुरात सक्करदऱ्याला आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. खाली पिठाची गिरणी होती. ती चालू झाली की आमच्या फडताळातल्या वाट्या किणकिणायच्या आणि घरात प्रत्येकाला आवाज चढवूनच बोलावं लागायचं. मी खिडकीशी जायची, गॅलरीत जायची, फ्रीज उघडून बंद करायची, पुन्हा खिडकीशी यायची. मोठी आई काळा चष्मा लावून दिवाणावर बसलेली असायची आणि तिला सगळं ऐकू यायचं. "काहून अशी फिरून राहिली वं? पायाले भिंगरी लावली का तुह्या?" ती विचारायची. तिच्यासमोर मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगांचं भगोणं असायचं. ती न बघता शेंग सोलायची, दाणे तोंडात, साल पेपरवर. डॉक्टरांनी वाकायला, धुळीत जायला, चुलीच्या धगीशी जायला मना केलं होतं. तिला दिवसभरात शेंगा सोलण्यापलीकडे काही काम नव्हतं, आणि जन्मात कधी ती अशी बसली नव्हती. म्हणजे बेचैन आम्ही दोघीही होतो. फक्त मला चालता येत होतं.

तेव्हा आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना जपानी अ‍ॅनिमेचं, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकांचं, वेड होतं आणि मला ते जरा जास्तच होतं. मी मोबाईलवर एक मालिका बघत होते. एका बेटावरचा मुलगा जहाज बांधायला शिकायचं म्हणून समुद्रापलीकडे जातो, त्याची ती गोष्ट. भाषा जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. एका दुपारी मोठी आई म्हणाली, "का बोलून राहिले थे? मले बी सांग न." मी सांगायला लागले. पहिल्यांदा नुसतं सांगितलं, की आता हा असं म्हणाला, ती तसं म्हणाली. तिला ते पटेना. "असं नोको सांगू. बातम्या देऊन राहिली का? थो बोलते तसं बोल." मग मी त्या मुलाच्या आवाजात बोलले, त्याच्या म्हाताऱ्या गुरूच्या आवाजात बोलले, गिरणीच्या वर आवाज काढून वादळसुद्धा केलं. आणि बोलले ते मोठी आईच्या बोलीत, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ती मध्येच थांबवून अर्थ विचारायची. आमच्या घरात ही बोली कोणी बोलत नसे. बाबांना ऑफिसात वरच्या साहेबांसमोर कधीतरी 'मले' निघून गेल्याचा अनुभव होता. मी लहानपणी 'मले' म्हटलं की ते पेपरातून डोकं न काढता 'मला' म्हणायचे आणि मी दुरुस्त करेपर्यंत पान उलटत नसत. मैत्रिणींत मी हिंदी बोलायची, बाबांशी पुस्तकातली मराठी. ही तिसरी भाषा माझ्या तोंडात होती हे मला त्या दुपारी कळलं.

मुलाचं जपानी नाव मोठी आईच्या जिभेवर बसेना. तिनं त्याला बारक्या करून टाकलं. बारक्या आता काय खातो, बारक्याची चप्पल कुठं गेली, बारक्याच्या मायले खोकला काहून आहे, अशा तिच्या चौकशा असायच्या. संध्याकाळी आई आली की ती आईला बारक्याची हकिगत अशी सांगायची की आईला वाटे, काटोलचाच कोणी मुलगा आहे.

मग तो प्रसंग आला. बारक्या गाव सोडून निघतो, धक्क्यावर जहाज उभं आहे, माय कापडात बांधलेला डबा त्याच्या हातात देते. तिला ठाऊक आहे की आपण फार दिवसांच्या नाही, पण ती त्याला सांगत नाही. खाली इंग्रजीत होतं, की स्वतःची काळजी घे, माझी चिंता करू नकोस. मी गळा भरून आणून म्हटलं, "तब्येतीची काळजी घेजो बापा."

"हट," मोठी आई म्हणाली. "तब्बेत-बिब्बेत डॉक्टर बोलते. माय असं नाही बोलत."

"मग काय बोलते?"

तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग ती म्हणाली, "डब्बा झाकून ठेवजो, मुंग्या लागतीन. गाडी लागली त निंबू चुपजो. पोचल्यावर पहिले जेवून घेजो, फोन मंग कर, माहा जीव काही जात नाही. अन् रस्त्यात कोनासंगं भांडू नोको, तुले बोलता येत नाही. मी हावो न इथंच. मी कुठं जाईन?"

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, चढा, जरा खरखरीत. पण ती माझ्याकडे तोंड करून बोलत नव्हती. मी विचारलं नाही, तरी तिनं स्वतःच सांगितलं, "गजाले असंच म्हटलं होतं म्या. काटोलच्या स्टँडवर." मी मोबाईलवरचा प्रसंग मागे नेला आणि पुन्हा तिच्या शब्दांनी म्हटला. चष्म्याखालून पाणी आलं तिच्या. डोळ्यात पाणी येऊ देऊ नका असं डॉक्टरांनी सांगितलं होतं का, ते आठवेना. मी घाबरून थेंबांची बाटली आणायला पळाले.

जिया माझी कॉलेजातली मैत्रीण. ती जरीपटक्याची, घरचं कापडाचं दुकान, घरी सिंधी, बाहेर हिंदी आणि माझ्या आईसमोर तोडकी मराठी. ती एका दुपारी नोट्स घ्यायला आली, दारातच थांबली आणि माझं चाललेलं ऐकत राहिली. मोठी आई तेव्हा न्हाणीत होती आणि मी तो डब्याचा प्रसंग एकटीच म्हणून बघत होते. "रेणू, ये तो तुझे स्टेज पे करना पडेगा," जिया म्हणाली. नागपुरात पहिल्यांदाच मोठं अ‍ॅनिमे कन्व्हेन्शन, म्हणजे चाहत्यांचा मेळा, भरणार होतं, आम्ही त्याला नुसतं 'कॉन' म्हणत होतो. पहिल्या दिवशी आवाजाची स्पर्धा होती. आपल्या आवडीचा दोन मिनिटांचा तुकडा न्यायचा, ते पडद्यावर आवाज बंद करून दाखवणार आणि आपण माइकवर कुठल्याही भाषेत बोलायचं. सकाळी सगळ्यांची फेरी, त्यातून पाच जण निवडायचे, त्यांची संध्याकाळी अंतिम फेरी. मी नाही म्हणेपर्यंत जियानं माझं नाव भरून टाकलं होतं.

त्यानंतरचे दहा दिवस मी कसे काढले कोण जाणे. रात्री जेवताना हातात घास धरून मी संवाद पुटपुटायची. आई म्हणायची, अगं आधी गिळ. कॉनला एखाद्या पात्राचा वेष करून जायचं असतं, तो कपड्यांचा प्रश्न जियानं सोडवला. तिच्या मते जपानी शाळेचा गणवेश आणि माझ्या जुन्या शाळेचा गणवेश यात फरक फक्त टायचा होता. माझा निळा चुण्यांचा स्कर्ट तिच्या दुकानातल्या टेलर मास्तरांनी खालून सैल करून दिला, गळ्याला लाल रुमाल आला. बाबांनी बघितलं आणि "खाली लेगिंग घाल" एवढंच म्हणाले. मोठी आईनं कापड बोटांनी चाचपलं. "इस्कूलमधी चालली का परत?" मग म्हणाली, "मी बी येतो पाहाले. माह्या बारक्याचा कार्यक्रम हाये." मी हो म्हटलं. संध्याकाळी पाच वाजता बाबा तिला ऑटोनं घेऊन येतील असं ठरलं.

कॉन भरलं होतं ते वर्धा रोडवरच्या एका लग्नाच्या लॉनवर. गेटवरची झेंडूची तोरणं अजून सुकायची होती, आदल्या रात्री तिथं कोणाचं तरी लग्न लागलं असणार. आम्ही नऊला पोचलो तर रांग लॉनच्या भिंतीला वळसा घालून मागच्या नाल्यापर्यंत गेली होती. रांगेत पिवळ्या केसांची, शिंगं लावलेली, पाठीवर माणसाएवढ्या फोमच्या तलवारी बांधलेली शेकडो पोरंपोरी होती. तलवारी एकमेकांत अडकत होत्या, लोक सॉरी सॉरी म्हणत होते. जियाचा निळा टोप उन्हानं तिला टोचत होता, आणि ती दर दोन मिनिटांनी तो उचलून डोकं खाजवत होती. मला एकाच वेळी आत धावत जावंसं वाटत होतं आणि घरी पळून जावंसं वाटत होतं. आयुष्यात इतकी माणसं माझ्यासारखीच वेडी आहेत हे मी एकदम कधी बघितलं नव्हतं. कोणीतरी माझा लाल रुमाल बघून हाक मारली, मी कोण झाले आहे ते अचूक ओळखलं, आणि मला इतका आनंद झाला की मी त्या अनोळखी मुलीला मिठी मारली.

आत हॉलमध्ये खुर्च्यांना लग्नाच्याच साटीनच्या खोळी होत्या, मागे मोठाल्या गाठी मारलेल्या. स्टेजवर नवरानवरीच्या मागे असतो तो फुलांचा पडदा तसाच ठेवून त्यावर जपानी अक्षरांचा फलक टांगला होता. एका बाजूला पोस्टरांचे आणि किचेनचे स्टॉल, दुसऱ्या बाजूला गरम नूडल्सचे, आणि वास मात्र सगळीकडे कालच्या मटार-पनीरचा. उद्घाटन झालं, ढोल वाजला, माइक किंचाळला, आणि अकराच्या सुमारास स्पर्धा सुरू झाली. माझा नंबर चौदावा होता. माझ्या आधीच्यांनी बहुतेक हिंदीत लढाईचे प्रसंग केले, खूप ओरडले.

मी उभी राहिले. पडद्यावर धक्का आला, जहाज आलं, माय आली. मी डोळे मिटून दिवाणावर बसलेली मोठी आई समोर आणली आणि बोलायला लागले. मी ते मनापासून केलं, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येतं. 'मुंग्या लागतीन' म्हटलं आणि पुढच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. मला वाटलं, त्यांचं काहीतरी वेगळं चाललं असेल. 'निंबू चुपजो' म्हटलं आणि अख्खा हॉल उसळला. लोक मांड्यांवर थापा मारत होते. मी डोळे उघडले. त्यांच्या तोंडावर कुचेष्टा नव्हती, खरंच नव्हती. ते खूश झाले होते. पडद्यावर ती माय पाठमोरी होऊन तोंड पुसत होती आणि हॉल हसत होता. मी घाईघाईनं उरलेलं संपवलं आणि खाली उतरले.

सूत्रसंचालक मुंबईचा होता, हातात कागद आणि कानात बाळी. फेरी संपल्यावर तो माझ्याकडे धावत आला. "क्या कॉमेडी टाइमिंग है यार! फायनल में आ गई तू. शाम को और खुलके करना, थोडा एक्टिंग डाल, वो गाँव की औरतें कैसे चलती हैं ना, वैसे." जियानं मला उचलून गरकन फिरवलं. मी तिला म्हटलं, "पण ते हसायचं नव्हतं." ती थांबली. "तो रुलाके क्या मिलेगा? सब को मजा आया, रेणू. तुझे नहीं आया?"

हाच प्रश्न घेऊन मी पाच वाजेपर्यंत त्या लॉनवर फिरत होते. नूडल्स घेतले, दोन घास खाऊन टाकून दिले. एकच स्टॉल तीनदा बघितला. ओळख नसलेली मुलं मला बघून 'निंबू!' म्हणून ओरडत होती आणि मी हसून हात हलवत होते. खरं सांगायचं तर मला मजा आली होती. इतक्या लोकांना मी एका शब्दानं हलवलं होतं. आता त्याला बरीच वर्षं झाली, मी बँकेत नोकरी करते, माइकचा आणि माझा संबंध निरोप समारंभापुरता राहिला. पण ते हसू अंगावर आल्यावर जी ऊब वाटली होती ती मी विसरले नाही. आणि तिच्याखाली काहीतरी सलत होतं, तेही. दोन्ही एकदमच होतं. सोळा वर्षांच्या मुलीला अशा वेळी काय करायचं ते कळत नाही, आणि मला विचारायला कोणी नव्हतं, किंवा मी कोणाला विचारलं नाही. चार वाजता मी जियासमोर पदराचा आव आणून, कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून चालून दाखवलं. जिया हसून हसून खाली बसली. ती चाल मोठी आईची होती.

पाचला बाबा तिला घेऊन आले. ठेवणीतलं हिरवं लुगडं, काळा चष्मा, आणि हातात पिशवी, जिच्यात माझ्यासाठी संत्री असणार हे मला लांबूनच कळलं. शिंगं लावलेल्या एका मुलीनं तिला विचारलं, आजी, तुमच्यासोबत फोटो काढू का, आणि मोठी आई कौतुकानं उभी राहिली. "माय वं, शिंगं बी आले का पोट्ट्याईले," ती बाबांना म्हणाली. बाबांनी तिला चौथ्या रांगेत कडेला बसवलं.

मला वाटलं होतं, ती समोर दिसली की मी सकाळसारखंच करेन. स्टेजच्या पायऱ्या चढेपर्यंत मला तसंच वाटत होतं. पण सूत्रसंचालकानं माझं नाव घेतलं आणि हॉलमधून 'निंबू! निंबू!' सुरू झालं, आणि मी कमरेवर हात ठेवला. मग मी काहीच सोडलं नाही. तिचा खरखरीत आवाज नाकात आणला, नाक पदराला पुसल्याचं केलं, 'तुले बोलता येत नाही'ला मान वेळावली, 'मी कुठं जाईन'ला असा हेल काढला की शेवटचा शब्द हसण्यातच बुडाला. मला पहिलं बक्षीस मिळालं. एक कापडी अस्वल आणि प्रमाणपत्र. सूत्रसंचालकानं माझ्या खांद्यावर हात टाकून माइकवर विचारलं, "ये बता, ये आवाज लाई कहाँ से? घर में है कोई ऐसा?"

चौथ्या रांगेत तो काळा चष्मा माझ्याकडे वळलेला होता. बाबा खाली बघत होते. आणि मी म्हटलं, "नहीं नहीं, घर में नहीं. गाँव में एक आंटी है, बाजूवाली."

परतताना ऑटोत मी, मध्ये मोठी आई, पलीकडे बाबा. अस्वल माझ्या मांडीवर होतं. बाबा बाहेर बघत होते. सिग्नलला ऑटो थांबली तेव्हा मोठी आईनं साध्या आवाजात विचारलं, "कोन हाये वं थे बाजूवाली?"

मी अस्वलाच्या कानाशी चाळा करत राहिले. ती पुढं म्हणाली, "लय हसले लोक." आणि मग, थोड्या वेळानं, "हसतेतच. गजा बी हसलाच होता तवा." घरी पोचल्यावर तिनं आईला मात्र तोंडभरून सांगितलं की पोरीचा पहिला नंबर आला, हॉल कसा भरला होता, बक्षीस कसं टाळ्यांत मिळालं. आईनं अस्वल फ्रीजवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी कॉनला गेले नाही. जियाचे फोन घेतले नाहीत. दुपारी थेंब घातले आणि मोबाईल घेऊन मोठी आईजवळ बसले. "पुढचा भाग लावू?" ती म्हणाली, "आज नोको. डोये दुखून राहिले." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तिचे डोळे दुखत होते. तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. ती माझ्याशी नेहमीसारखीच बोलायची, जेवली का, चप्पल नीट काढ, एवढंच. मी कितीदा तरी तोंड उघडलं आणि मिटलं. गिरणी चालू असली की वाटे, बंद झाल्यावर बोलू. बंद झाली की ती शांतता सोसवत नसे आणि मी गॅलरीत जायची. तोवर जियानं व्हिडिओ सगळीकडे पाठवला होता. कॉलेजात मला कोणी रेणू म्हणेना, पुढची दोन वर्षं मी निंबूच होते.

बुधवारी दुपारी माझ्या मोबाईलवर गजा दादाचा फोन आला. तो मला कधी फोन करत नसे. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

"रेणू, थो व्हिडिओ तुहाच हाये न?"

"हो दादा."

"थे बोलनं कोनं सांगितलं तुले?"

"मोठी आईनंच."

त्याच्या मागे ऑफिसातला आवाज येत होता, कोणीतरी तेलुगूत जोरजोरात बोलत होतं. मग तो म्हणाला, "त्या दिवशी बस भरली होती. मागच्या शिटावर पोट्टे होते, माह्याच वयाचे. मायनं खिडकीतून निंबू देल्लं अन् सगळे हसले. मंग मी बी हसलो. अन् खिडकी लावून घेतली म्या, रेणू. थे बाहेर बोलूनच राहिली होती."

मी म्हटलं, "दादा, मी तर तिला बाजूवाली म्हटलं. माइकवर. तिच्यासमोर."

"हो. ऐकलं म्या," तो म्हणाला. "का करून राहिली थे आता?"

"शेंगा सोलून राहिली."

"दे तिले."

मी मोबाईल नेऊन मोठी आईच्या हातात दिला, कोण आहे ते सांगितलं, आणि गॅलरीत जाऊन मागे दार ओढून घेतलं. काचेतून तिचे हातवारे दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हते. ती सुरुवातीला नुसती ऐकत होती, चष्मा काढून हातात धरून. मग बोलायला लागली ती थांबेचना. गजा दादा त्या शनिवारी आला, चार दिवस राहिला, डाव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी बाकावर तिच्याजवळ तोच बसला होता आणि थेंबही त्यानंच घातले, मला बाटलीला हात लावू दिला नाही. पण ते पुढचं. त्या दुपारी मोठी आई गॅलरीचं दार लोटून बाहेर आली आणि मोबाईल मला परत दिला.

"शनवारी येतो म्हणते. त्याले सांबारवड्या लागतीन."

आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि हिवाळ्यात तिचं सारण भरून तळलेल्या वड्या गजा दादा एका बैठकीत पंधरा खायचा. मी म्हटलं, "डॉक्टरांनी तुला धगीशी जायला मना केलं आहे."

"डॉक्टरच्या घरी पोरगा येऊन राहिला का?"

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आत जाऊ की तिथंच राहू ते कळत नव्हतं. "मोठी आई," मी म्हटलं, "माझं चुकलं. ते बाजूवाली जे मी..." पुढं मला रडू आलं. ती काही माझ्याजवळ आली नाही, तिला तसलं जमत नसे. तिनं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, लुगड्याचा पदर खोचला आणि भिंतीवरची पिशवी काढली.

"दुखलं मले," ती म्हणाली. "लय दुखलं. खोटं काहून बोलू?" मग पिशवी माझ्याकडे धरली. "आता येतं का बाजूवालीसंगं बजारात? चार वाजता सांबार ताजा येते."

मी तोंड धुतलं, चपला घातल्या. जिन्यात नेहमीप्रमाणे अंधार होता, आणि एका डोळ्यानं तिला पायऱ्यांचा अंदाज येत नसे. तिनं मागून माझा खांदा धरला. तिचा हात जड होता, शेंगांच्या मिठानं खरबरीत झालेला. "हळू चाल वं," ती म्हणाली, "पाडतं का मले?" खाली गिरणीवाल्यानं पट्टा चालू केला आणि सगळा जिना थरथरू लागला. मी एक पायरी उतरायची, तिचा पाय माझ्या पायरीवर आलेला कळेपर्यंत थांबायची, आणि मग पुढची.